कुत्र्याचा गुडघा उलटा नसतो

मागच्या अंकात मी सहज लिहून बसले की प्राण्याचं तोंड आणि माणसाचं अंग अशी पात्रं कोण कोण काढतं ते कळवा, आणि तुम्ही पोरांनी एवढी चित्रं पाठवलीत की माझ्या फोनची मेमरी फुल्ल. वाघ आहेत, कोल्हे आहेत, एक कासव पोलीस आहे, आणि एक खेकडा वकील आहे जो मला फारच आवडला कारण तो कोर्टात आडवाच शिरतोय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांचं दुखणं एकच आहे, म्हणून पाचसहा पत्रं घेतलीयेत.

प्रश्न (देवगड, बारावी कॉमर्स) : ताई, माझं मेन कॅरेक्टर वाघ आहे, दोन पायांवर चालणारा, आमच्याकडच्या ट्रॉलरवर तांडेल (बोटीचा म्होरक्या) आहे. तोंड एकदम भारी येतं, सगळे वा वा करतात, पण कमरेखाली आलो की वाट लागते. कुत्र्या-मांजरासारखा गुडघा मागे वाकवला की आता पडेल असं वाटतं, आणि सरळ पाय काढले की माणसाने मुखवटा घातलाय असं दिसतं. आजी बघून म्हणाली, "ह्यो वाघ की शिमग्यातला सोंग रे?" व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, सुरुवात कुठून करू?

उत्तर : आजीला माझा नमस्कार सांग, तिचा डोळा बरोबर आहे. आणि तुझी गडबड पत्रातच सापडली मला. 'गुडघा मागे वाकवला' असं लिहिलंयस ना, तो गुडघा नाहीच आहे. ती टाच आहे.

कुत्रा, मांजर, वाघ हे सगळे आयुष्यभर चवड्यावर चालतात. जमिनीला टेकलेली असतात ती फक्त बोटं, मग वर लांबलचक तळपाय, आणि मागच्या बाजूला जो कोपरा दिसतो ती टाच. खरा गुडघा पार वर, पोटाजवळ असतो, केसांत आणि कातडीत लपलेला, आणि तो तुझ्यामाझ्यासारखा पुढेच वाकतो. गाय आणि बकरी तर त्याच्याही पुढची, ती दोन बोटांच्या नखांवर उभी असते, खूर म्हणजे नखंच की. घोडा एकाच बोटावर. उलटा गुडघा असलेला प्राणी तुला चित्रात सापडेल, गोठ्यात सापडणार नाही.

हे वाचून डोक्यात राहत नाही, हाताला लागावं लागतं. म्हणून पुढच्या वेळी घरी कोंबडी-वडे झाले की तंगडी मागून घे. वरचा मांसल भाग मांडी. त्याखाली आपण हातात धरून खातो तो तुकडा म्हणजे नडगी आणि पोटरी, आणि त्यात मोठ्या हाडाला चिकटून सुईसारखं एक बारीक हाड असतं बघ, जे दातात येतं आणि आई ओरडते नीट खा म्हणून, ते आपल्याही पायात आहे, नडगीच्या बाहेरच्या बाजूला. या दोन तुकड्यांमधला सांधा म्हणजे गुडघा. आणि तंगडीचं खालचं टोक, जिथून चिकनवाल्याने पिवळा पाय तोडून टाकला, तो घोटा. तो पिवळा खवल्यांचा पाय म्हणजे तळपाय आणि बोटं. संपलं, निम्मी अॅनाटॉमी ताटात झाली तुझी.

आता आरशासमोर उभा राहा, टाचा उचल, चवड्यावर ये आणि गुडघे थोडे वाकव. हाच तुझ्या वाघाचा पाय. मांडी पुढे, नडगी मागे, तळपाय पुन्हा पुढे, असा झेड. तू पडत नाहीस कारण चवडा बरोबर धडाच्या वजनाखाली आलाय. तुझा तांडेल पडतो कारण तू झेड काढलास पण बोटं कमरेच्या मागे राहिली. छातीच्या मधोमध दोरीला दगड बांधून सोडलाय असं समज, गवंडी ओळंबा सोडतो तसा, तो दगड दोन पावलांच्या मध्ये कुठेतरी पडला पाहिजे. शेपूट असेल तर थोडी सूट मिळते कारण मागे वजन येतं. पण शेपूट पँटला चिकटवल्यासारखी काढू नकोस, ती पाठीच्या कण्याचंच शेवटचं टोक आहे, कण्याची रेघ तशीच ओढत खाली नेली की आपोआप बसते.

अजून एक चूक जवळजवळ सगळेच करतात. माणसाची मांडी तेवढीच ठेवतात, नडगी तेवढीच ठेवतात आणि खाली लांब तळपाय जोडतात, मग पाय बांबूवर चढल्यासारखा लांब होतो. तळपाय लांबवलास तर मांडी आणि नडगी आखूड कर.

वरच्या अंगाचं बोलू, कारण तिथेही मास्कवाला प्रॉब्लेम आहे आणि तो कुणी सांगत नाही. रविवारी मटणाच्या दुकानात लाइनीत उभा असशील तर मोबाईल खिशात ठेव आणि बघ. मटणवाला बोकडाचा पुढचा पाय नुसत्या सुरीने सोडवतो, सत्तूर लागतच नाही. कारण पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, फक्त मांसाने बांधलेला असतो. बोकडाला कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, नाही. गायीला नाही, घोड्याला नाही. वाघ-मांजराला असतं ते काडीएवढं, नावापुरतं. म्हणून मांजर दबा धरून चालतं तेव्हा खांद्याची दोन चपटी हाडं आळीपाळीने पाठीच्या वर येतात, ती चाल त्या सैल खांद्यामुळे आहे. आणि ही हाडं छातीच्या दोन्ही बाजूंना असतात, आपली मात्र पाठीवर. प्राण्याची छाती अरुंद आणि खोल, होडीसारखी, माणसाची रुंद आणि चपटी.

मग तुझ्या तांडेलाला कुठली द्यायची? तर तो काय काम करतो ते बघ. जाळं ओढायचंय, दोर बाजूला फेकायचाय, हात डोक्यावर न्यायचाय, म्हणजे त्याला माणसाचे खांदे लागणार, कॉलरबोन लागणार, छाती रुंद लागणार. ते माणसाचं ठेव. पाय वाघाचे ठेव कारण डुलत्या बोटीवर चवड्यावर तोल सांभाळणारा तांडेल बघायला मजा येईल. कुठलं हाड कुणाकडून घ्यायचं हे त्याच्या कामावरून ठरव, म्हणजे मुखवटा वाटणार नाही.

सुरुवात कुठून करू विचारलंस म्हणून, हा एकच सराव कर पण महिनाभर कर. चार रंगीत पेन्सिली घे. माणूस, कुत्रा, गाय, कोंबडी यांचे पाय शेजारी शेजारी काढ आणि मांडीला सगळीकडे लाल, नडगीला निळा, तळपायाला हिरवा, बोटांना पिवळा. फोनवर काढत असशील तर फोटोची ओपॅसिटी कमी कर, म्हणजे तो फिका कर, आणि वरच्या लेयरवर रंग दे. ही आयडिया माझी नाही, 1555 साली पिएर बेलाँ नावाच्या फ्रेंच माणसाने माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा असाच समोरासमोर छापला होता आणि दोघांच्या सारख्या हाडांना सारखीच अक्षरं दिली होती. लिओनार्दो दा व्हिंचीनेही माणसाचा पाय आणि घोड्याचा पाय शेजारी ठेवून काढलेत. म्हणजे तू बऱ्या कंपनीत आहेस.

प्रश्न (सावंतवाडी) : माझ्याकडे बकरी, कोल्हा, हत्ती अशी पूर्ण फॅमिली आहे कॅरेक्टर्सची. साइडने छान दिसतात पण समोरून किंवा थोडं वळवून काढलं की तोंड चपटं होतं आणि मान कुठे जोडायची तेच कळत नाही. मान काढली की जिराफ, नाही काढली की कुबड.

उत्तर : तुमच्या गावात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, असेलच ना? मग मला कशाला विचारतेस गं, आपल्याकडे माणसाच्या अंगावर प्राण्याचं डोकं बसवायचं काम घराघरात पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

माझं लहानपण गणपतीच्या शाळेतच गेलं, आमचीच होती, आणि माझं काम काय तर शाडू मळायचा आणि लोकांचे पाट आले की त्यावर खडूने नाव लिहायचं. पण कच्च्या मूर्तीला मागून बघण्याची चैन होती. रंग लागला, दागिने आले की काही दिसत नाही, कच्ची असताना बघ. पाट पोचवायला जाशील तेव्हा पाच मिनिटं जास्त थांब आणि मागे जाऊन बघ. मान जवळजवळ नाहीच. डोकं थेट खांद्यांत उतरतं, मानेची जाडी डोक्याएवढी, आणि तो जोड दोन्ही बाजूंनी कानांनी झाकलेला. समोरून सोंड उतरते आणि छातीची मधली रेघच होऊन जाते.

हे का चालतं ते सांगते. चार पायांच्या प्राण्याचा कणा कवटीत मागून शिरतो, आपला खालून शिरतो. त्यामुळे कोल्ह्याचं डोकं जसंच्या तसं उचलून सरळ मानेवर ठेवलंस तर कोल्हा आकाशाकडे बघणार. म्हणून मान खांद्यातून थोडी पुढे काढायची आणि वर गेल्यावर डोकं खाली वळवायचं, पाठीला हलका बाक येतो तो येऊ दे, त्याला कुबड म्हणू नकोस. मान लांब दाखवायची की आखूड हा तुझा प्रश्न, मणके मात्र सातच, उंदराला सात, तुला सात, जिराफालाही सात, जिराफाचे फक्त प्रचंड लांब. म्हणून बकरीची मान वळवलीस तर ती सापासारखी गोल फिरणार नाही. सोंड फिरेल, कारण सोंडेत एकही हाड नाही, ती कुठूनही वाकव.

तोंड चपटं होण्याला माझा उपाय जरा येडपट आहे पण चालतो. एक सोललेला नारळ घे, शेंडी काढलेला. त्यावर खडूने मधोमध उभी रेघ मार आणि डोळ्यांची आडवी रेघ मार. आता काड्यापेटी सेलोटेपने पुढे चिकटव. हा झाला कोल्हा. दिव्याखाली ठेव आणि जरा जरा वळवत दहा वेळा काढ, कान-मिशा काही नको, फक्त गोळा आणि खोका. समोरून बघशील तेव्हा काड्यापेटीची लांबी दिसतच नाही, फक्त तोंडाकडची छोटी बाजू आणि तिची सावली दिसते, तुझा घोळ तिथे आहे, तू समोरूनही लांबी दाखवायला जातेस. मांजर काढायचं तर काड्यापेटी अर्धी कापून लाव. झाल्यावर नारळ फोडून घरच्यांना सोलकढी कर, नायतर मला शिव्या पडतील.

जाता जाता डोळे. बकरीचे बाजूला आणि बाहुली आडवी, कोल्ह्याचे पुढे आणि बाहुली उभी, घरच्या मांजराचीही उभीच. पण वाघ आणि बिबट्याची बाहुली गोल असते आपल्यासारखी. देवगडवाल्या, तूही वाच हे, तुझ्या तांडेलाला मांजराचे डोळे आहेत.

प्रश्न (चिपळूण, कॉलेजची मुलगी) : माझी हिरॉइन वटवाघूळ आहे. तिला पाठीवर पंख आहेत आणि हातही आहेत. मैत्रीण म्हणते हे चूक आहे. फँटसीत चूक-बरोबर असतं का?

उत्तर : मैत्रीण शरीराच्या बाजूने बरोबर आहे, तू गोष्टीच्या बाजूने. वटवाघळाचा पंख हाच त्याचा हात आहे. अंगठा मोकळा, त्याला आकडा असतो ज्याने ते फांदी पकडतं, बाकीची चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांब आणि त्यांच्यात पडदा ताणलेला, तो पडदा मागे अंगाला आणि पायापर्यंत जातो. कण्याच्या कुठल्याच प्राण्याला हात-पाय-पंख मिळून सहा नसतात. तुला सहा द्यायचेत तर दे, आपल्या देवांना चार हात असतातच. पण मग मूर्तीकार करतो तसा विचार कर, तो मागचे दोन हात पुढच्या खांद्याच्या मागून काढतो, बरगडीतून नाही. पंखांसाठी खांद्याचं दुसरं हाड लागेल, ते हलवायला मांस लागेल, म्हणजे पाठ रुंद आणि धड थोडं लांब. पंख हलवणारं मांस किती लागतं ते बघायचंय तर पुन्हा कोंबडीच, छातीच्या मधोमध होडीच्या तळासारखं उभं हाड आहे ना, दोन्ही बाजूंचं सगळं मांस पंखांचं. आणि ती कोंबडी, जी जेमतेम कुंपणावर उडते!

मी असते तर हात काढून टाकले असते. चहाचा कप अंगठ्याच्या आकड्यात धरणारी, पाऊस आला की स्वतःच्याच पंखात दप्तर गुंडाळणारी मुलगी मला जास्त खरी वाटते. पण कथा तुझी आहे.

पक्षी काढणाऱ्यांसाठी एवढंच, मिटलेल्या पंखाचा पुढचा जो कोपरा छातीपाशी दिसतो ते मनगट असतं, कोपर नाही. कोपर मागे पिसांत असतं.

प्रश्न (मालवण) : मत्स्यकन्येची शेपूट पोहताना कशी हलवायची? माझी प्रत्येक वेळी लटकल्यासारखी दिसते.

उत्तर : आधी ठरव ती मासा आहे की डॉल्फिन. बाजारात सुरमई किंवा मुशी बघ, शेपटीचं पातं उभं असतं, म्हणून मासा डावीकडे-उजवीकडे वळत पोहतो. डॉल्फिन सस्तन प्राणी, त्याचं पातं आडवं, तो वर-खाली पोहतो. आपली कंबर पुढे-मागे जास्त वाकते, त्यामुळे माणसाच्या कमरेला डॉल्फिनची चाल लगेच शोभते. तुझ्या चित्रात पातं आडवं आहे आणि लाट बाजूला जातेय, दोन्ही एकदम, म्हणून ती लटकते. एक काहीतरी धर.

प्रश्न (रत्नागिरी) : आपल्याकडे असं काही होतं का, की आम्ही सगळे जपान्यांचीच कॉपी करतोय?

उत्तर : असं काय म्हणतोस, मुरुडला जाऊन जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजाकडे मान वर करून बघ, वाघासारखा एक प्राणी पंजात हत्ती पकडून उभा आहे. लोक त्याला शरभ म्हणतात. केवढा हत्ती आणि केवढा पंजा, प्रमाण साफ खोटं आहे, पण खांदा आणि पंजा यांचा जोर खरा आहे म्हणून पटतं. नरसिंह, वराह, मारुती यांच्याबद्दल मी काय सांगू. आणि तू रत्नागिरीचा, तुझ्या दारात कातळशिल्पं आहेत, उक्षीचा हत्ती बघितलायस का? नुसती बाहेरची रेघ, तरी लांबून हत्तीच. 2022 मध्ये ही कोकणातली शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तुझी पाठवलेली सहा पात्रं काळ्या रंगाने भरून बघ, मी भरली, चार एकमेकांची जुळी निघाली. आधी नुसती बाहेरची रेघ ओळखू आली पाहिजे, केस बिस नंतर.

प्रश्न (दापोली, एक बाबा) : मुलगी नववीत आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली, त्याचा आनंद आहे. पण आता रोज संध्याकाळी गोठ्यात बसून म्हशीचे पाय काढत बसते, अभ्यास बाजूला. शिवाय ते प्राण्यांची तोंडं लावलेले लोक. याचा उपयोग काय? रागवावं का?

उत्तर : रागवू नका हो दादा. उपयोगाचं सांगते, माझा स्वतःचा किस्सा आहे. मला पहिलं पैशाचं काम मिळालं होतं लहान मुलांच्या पुस्तकाचं, त्यात घोड्याच्या पायांचा माणूस होता, आणि मी पुढच्या पायाचं मनगट कोपर समजून भलतीकडे वाकवलं होतं. संपादकांना ते काय चुकलंय ते सांगता येईना, फक्त म्हणाले काहीतरी खटकतंय. बारा पानं परत केली. तेव्हा मला कुणी गोठ्यात बसवलं असतं तर बरं झालं असतं. तुमची लेक स्वतः जाऊन बसलीये.

आणि ती जे बघतेय ना ते फोटोत मिळत नाही. म्हैस उठताना आधी मागचा भाग उचलते, त्या वेळी पुढे ती टेकलेली असते मनगटांवर, लोक त्याला गुडघे म्हणतात, घोडा बरोबर उलटा, आधी पुढचे पाय. ज्या मुलीने हे रोज संध्याकाळी बघितलंय ती उद्या म्हशीच्या तोंडाची राणी सिंहासनावरून उठताना काढेल तेव्हा ती पटणारच. वेळेचं म्हणाल तर अर्धा तास ठरवून द्या, दोन-दोन मिनिटांची पंधरा चित्रं, खोडरबर न घेता. मन लावून केलं तर त्यापुढे हात दुखतोच, आपोआप उठेल. पुढे तिला यातच जायचं असेल तर मुंबईचं जे.जे. आहे, 1857 पासूनचं, पण आपल्या जवळ सावर्ड्यालाही कला महाविद्यालय आहे, एकदा तिला घेऊन नुसतं बघून या.

एकच करा. म्हशीला धुतल्यावर लगेच काढायला सांगा. ओल्या अंगावर कमरेची दोन हाडं, बरगड्या आणि खांद्याचं चपटं हाड एकदम स्वच्छ दिसतात, सुकली की पुन्हा सगळं बुजतं.